आद्य-स्लाव्ह ‘*पेक्ति’: पच् धातूची स्लाव्ह शाखा

रशियन शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. तिला ‘पेच्’ हा शब्द दोनदा भेटला. एकदा ‘भाजणे’ या क्रियापदाच्या रूपात, एकदा ‘भट्टी, शेगडी’ या अर्थाच्या नामात. व्युत्पत्तिकोशात दोन्हींच्या मुळाशी आद्य-स्लाव्ह (रशियन, पोलिश, झेक, सर्बियन, बल्गेरियन अशा भाषांची समाईक पूर्वज) ‘*पेक्ति’ दिलंय. हा संस्कृतातला ‘पच्’ आहे का? असेल तर क्रियापद चालवताना ‘पेकू’ (मी भाजते) आणि ‘पेचोश’ (तू भाजतोस) असा क आणि च यांचा पाठशिवणीचा खेळ का? आणि एकच शब्द नामही आणि क्रियापदही, हा योगायोग समजायचा का?

पहिल्याचं उत्तर हो. तिसऱ्याचं उत्तर नाही, योगायोग नाही. दुसऱ्याला जरा वेळ द्यावा लागेल, कारण सगळ्यात मजा तिथेच आहे.

आधी लेखनाबद्दल थोडं. रूपाच्या डोक्यावरची चांदणी म्हणजे ते रूप कुठे लिहिलेलं सापडत नाही, वंशज भाषांवरून मागे जात बांधलेलं आहे. आद्य-स्लाव्ह कधी लिहिलीच गेली नाही. स्लाव्ह लेखन सुरू झालं ते ८६३ मध्ये सिरिल आणि मेथोडियस हे बंधू मध्य युरोपातल्या मोराव्हियात धर्मप्रसाराला गेले त्या सुमारास, आणि हातात असलेली हस्तलिखितं दहाव्या-अकराव्या शतकापासूनची. त्या भाषेला जुनी चर्च स्लाव्हॉनिक म्हणतात. खाली ‘त्स’ लिहिलंय तिथे ‘चांगला’मधला दंत्य च वाचा, नुसता ‘च’ आहे तिथे ‘चिमणी’मधला तालव्य. हे दोन्ही च मराठीत जिवंत असल्यामुळे या विषयात आपल्याला हिंदी भाषकापेक्षा एक पाऊल पुढून सुरुवात करता येते. रशियन रूपं स्पेलिंगप्रमाणे दिली आहेत. बोलताना आघात नसलेले स्वर बदलतात, ते इथे सोडून दिलंय.

मूळ धातू आद्य-भारोपीय (संस्कृत, ग्रीक, लॅटिन, स्लाव्ह या साऱ्यांची समाईक पूर्वज भाषा) *पेक्व्-. यातला क्व् हे जोडाक्षर नव्हे, ओठ गोल करून उच्चारलेला एकच क. अर्थ ‘शिजवणे’ आणि त्याबरोबरच ‘पिकणे’. उष्णतेने कच्च्याचं खाण्याजोगं होणं, मग ती चुलीची असो की उन्हाची. संस्कृत पचति, पक्व, पाक, लॅटिन कोक्वो, ग्रीक पेप्सिस, आल्बानियन प्येक, वेल्श पोबी, लिथुआनियन केप्ति. लॅटिनमध्ये सुरुवातीला प ऐवजी क कसा आला? पुढच्या क्व् ने मागच्या प ला आपल्यासारखं करून घेतलं. आपल्या ‘पंच’ला लॅटिनमध्ये ‘क्वीन्क्वे’ म्हणतात, तिथेही हेच झालं. लिथुआनियनमध्ये व्यंजनांची अदलाबदल आहे, नुकसानचं नुसकान होतं तशी. इंग्रजीने हा धातू वारसाहक्काने राखला नाही, लॅटिनकडून उसना घेतला. त्यामुळे आपल्या स्वयंपाकघरातले कुकर, बिस्कीट (‘दोनदा भाजलेलं’) आणि खुद्द किचन हे शब्द लांबून फिरून आलेले पच् धातूचेच नातेवाईक आहेत. फारसीच्या वाटेने आलेला ‘पोक्त’ही त्याच कुळातला, फारसीत ‘पुख्तन’ म्हणजे शिजवणे, पिकवणे.

अर्थाच्या बाबतीत मात्र भावंडांनी वाटणी केली. मराठीकडे ‘पचणे’ आणि ‘पिकणे’ आले, आणि चुलीवरचं काम शिजवणे, भाजणे, रांधणे यांच्याकडे गेलं. पाककृती, पक्वान्न हे पुस्तकी शब्द राहिले. ‘मी भात पचते’ असं कोणी म्हणत नाही. स्लाव्ह भाषांनी नेमकं उलटं केलं. चूल ठेवली, पिकणं आणि पचणं सोडून दिलं. रशियनमध्ये फळ पिकण्याला वेगळाच धातू आहे, आद्य-स्लाव्ह *ज़्यिरेति, आणि त्याचं मूळ पाहिलं तर संस्कृतातल्या जरा, जीर्ण याच्याशी जुळतं. म्हणजे ज्या धातूवरून आपल्याला अजीर्ण होतं, त्यावरून त्यांची सफरचंदं पिकतात. पचनाला रशियन ‘पिश्चेवारेनिये’ म्हणते, शब्दशः ‘अन्न उकळणे’. त्यातला ‘वारिती’ हा उकळण्याचा स्लाव्ह धातू, पच् शी त्याचा संबंध नाही. ग्रीक आणि संस्कृत दोघांनीही पचनाला पोटातलं शिजवणंच मानलं: ग्रीक पेप्सिस, ज्यावरून पेप्सीन आणि डिस्पेप्सिया आले, आणि आयुर्वेदातली ‘पक्ती’. हे दोन शब्द अर्थाने जुळतातच, पण घडणीनेही एकच आहेत, *पेक्व्- अधिक -ति-. हे -ति- लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जाता जाता एक मराठी तपशील. संस्कृत ‘पचति’ थेट प्राकृतातून मराठीत उतरला असता तर दोन स्वरांमधला एकटा च गळून गेला असता. आपला ‘पचणे’ आला तो ‘पच्यते’ (शिजवलं जातं) या कर्मणी रूपावरून, प्राकृत ‘पच्चइ’मार्गे, जोडाक्षर झाल्यामुळे च वाचला. म्हणून तर ‘पचणे’ अकर्मक आहे आणि कर्त्याला ‘पचवणे’ हे प्रयोजक रूप लागतं. ‘पिकणे’मधली इ ‘पक्व’ला प्राकृतात ‘पिक्क’ असं रूप होतं तिथून आली. प्राकृताचं व्याकरण लिहिणाऱ्या हेमचंद्राने बाराव्या शतकात एकाच सूत्रात पक्व, अंगार आणि ललाट या तिघांच्या अ चा विकल्पाने इ होतो असं नोंदवलंय, आणि मराठीने तिन्ही उचलले: पिकणे, इंगळ, निढळ.

आता क आणि च.

मराठीत ‘त्याचा’ म्हणा आणि ‘त्याची’ म्हणा. पहिल्यात जीभ दातांशी, दुसऱ्यात टाळूकडे. पुढे इ आली की व्यंजन टाळूकडे सरकतं. इ आणि ए हे तोंडाच्या पुढच्या भागातले स्वर, जीभ आधीच तिकडे वळलेली असते, मागचं व्यंजन तिच्याबरोबर ओढलं जातं. जगभरच्या भाषांत हे होतं. आद्य-स्लाव्हमध्येही झालं: ए, इ यांच्या आधीचा क हा च झाला, इतर स्वरांच्या आधी क च राहिला. *पेक्- च्या वर्तमानकाळात पहिल्या पुरुषी एकवचनाला आणि तिसऱ्या पुरुषी अनेकवचनाला ओ-कुळातला प्रत्यय होता, बाकीच्यांना ए. म्हणून रशियनमध्ये पेकू, पेचोश, पेचोत, पेचोम, पेचोते, पेकूत. पहिलं आणि शेवटचं रूप क चं, मधली चार च ची. आज तिथे ‘ओ’ ऐकू येतो खरा, पण तो मागाहून ए चा झालाय; च होताना तिथे ए होता. पोलिश प्येकं, प्येचेश; बल्गेरियन पेका, पेचेश. सगळीकडे तीच रांग.

आता संस्कृताकडे या. पच् आणि पाक, एकाच धातूत च आणि क. पाणिनीने यासाठी सूत्र दिलंय, ‘चजोः कु घिण्ण्यतोः’: काही विशिष्ट प्रत्ययांपूर्वी च-ज चे क-ग होतात. धातुपाठात धातू ‘डुपचष् पाके’ असा च घालूनच सांगितलाय, म्हणजे व्याकरणाच्या दृष्टीने च मूळचा आणि क नंतरचा. इतिहासात क्रम उलटा आहे. मूळ क (क्व्), च नंतरचा. प्रश्न असा की ‘पचति’मध्ये च च्या पुढे अ आहे, इ-ए नव्हे, मग क टाळूकडे सरकला तरी कशाने? उत्तर: तिथे पूर्वी ए होता. *पेक्वेति. आधी ए ने क चा च केला, मग संस्कृतात (खरं तर भारत-इराणी अवस्थेत) सगळे ए आणि ओ ‘अ’ होऊन गेले, आणि च तेवढा मागे राहिला. पाक मध्ये पुढे ओ होता, त्याने क ला धक्का लावला नाही.

हे १८७० च्या दशकात अनेक अभ्यासकांना जवळपास एकाच वेळी सुचलं. हेर्मान कोलित्स, योहानेस श्मिट, फेर्दिनां द सोस्यूर ही त्यातली काही नावं. त्याआधी युरोपीय पंडित संस्कृतातला अ हाच मूळ स्वर धरत, ग्रीक-लॅटिनमधले ए-ओ नंतर फुटलेले मानत. ‘पचति’मधल्या त्या एका च ने हा समज उलटवला. माझ्या मते तुलनात्मक भाषाशास्त्रातला इतका नेटका पुरावा दुसरा नाही, आणि तो शिकवायला रशियन धातू सर्वांत सोयीचा. जे संस्कृतात झाकलं गेलंय ते रशियनमध्ये उघड्यावर आहे: च च्या पुढचा ए (किंवा त्याचा वंशज) अजून ऐकू येतो.

म्हणून कोणी संस्कृत च आणि स्लाव्ह च एकाच वेळी झाले असं समजू नये. दोन्ही बदल स्वतंत्र आहेत, मध्ये काही हजार वर्षं आहेत. स्लाव्हची सख्खी शेजारीण लिथुआनियन, तिच्यात ‘केपा’ (भाजतो) मध्ये ओठ-गोलाई गेली पण क तसाच आहे. भारत-इराणी आणि स्लाव्ह यांचा हा समाईक वारसा असता तर लिथुआनियनसारख्या बाल्टिक भाषांतही दिसला असता.

संस्कृताने मग आणखी एक केलं. नियमाने पहिल्या पुरुषी रूपात आणि ‘ते शिजवतात’ या रूपात क हवा होता, कारण तिथे ओ होता. पण आपण पचामि, पचन्ति म्हणतो. बहुसंख्य रूपांच्या दबावाखाली अल्पसंख्यांनी च स्वीकारला. हेच आज स्लाव्ह भाषांत डोळ्यांदेखत चाललंय. युक्रेनियनमध्ये पेचू, पेचेश, पेचूत: सगळीकडे च. झेकमध्ये जुनं ‘पेकू’ मागे पडून ‘पेचू’ प्रचलित झालं. रशियन बोलींत आणि लहान मुलांच्या तोंडी उलट दिशेने ‘पेक्योत’ ऐकू येतं, क सगळीकडे. शिक्षक ते चूक म्हणून खोडतात; भाषेच्या दृष्टीने पोरगं तेच करतंय जे वैदिक लोकांच्या पूर्वजांनी केलं, फक्त दुसऱ्या बाजूने.

सर्बियन या धातूचं खरं प्रदर्शन मांडते. पेचेम (मी भाजतो), पेकू (ते भाजतात), पेत्सी (भाज!). क, च आणि दंत्य च, तिन्ही एका क्रियापदात. आज्ञार्थातला त्स कुठून आला? आद्य-स्लाव्ह आज्ञार्थ हा मुळात आज्ञार्थ नव्हताच. तो भारोपीय विध्यर्थ आहे, संस्कृत ‘पचेत्’चा सख्खा भाऊ. त्यात ओय् असा संयुक्त स्वर होता. तालव्यीकरणाचा, म्हणजे व्यंजन टाळूकडे सरकण्याचा, पहिला फेरा (वर पाहिलेला क चा च) झाला तेव्हा क च्या पुढे अजून ओ होता, म्हणून क टिकला. पुढे ओय् चा ए/इ झाला आणि दुसरा फेरा सुरू झाला, तेव्हा मात्र क सापडला. पण या वेळी परिणाम च नव्हे, त्स. जुन्या चर्च स्लाव्हॉनिकमध्ये ‘प्यित्सि’. आधुनिक रशियनने हा त्स पुसून ‘पेकी’ केलंय. भूतकाळाचंही एक जुनं रूप सांगण्यासारखं आहे. जुन्या चर्च स्लाव्हॉनिकच्या व्याकरणात ‘मी भाजलं’साठी ‘पेख्’ असं दीर्घ स्वराचं रूप येतं, *पेक्-स्- वरून. संस्कृतात पच् चा लुङ् (भूतकाळाचा एक प्रकार) काय? अपाक्षीत्. तोच दीर्घ स्वर, तोच स्, आणि क च्या शेजारी त्या स् चं बदलणंही सारखंच: संस्कृतात ष, स्लाव्हमध्ये ख.

आता ‘पेच्’ दोनदा का, हा प्रश्न. धातूचं क आणि प्रत्ययाचा त एकत्र आले, *पेक्ति, की पुढच्या इ मुळे क्त हा गट सगळ्या स्लाव्ह भाषांत वितळला, पण प्रत्येकीत वेगळा: रशियनमध्ये च, बल्गेरियनमध्ये श्त, पोलिश-झेकमध्ये त्स, सर्बियनमध्ये एक अगदी मऊ च. हा निव्वळ एका शब्दाचा चाळा नाही. रात्रीसाठी संस्कृतात ‘नक्तम्’ आहे. दिवसभर उपास करून रात्री एकदा जेवण्याच्या ‘नक्त’ व्रतात तो आपल्याकडे राहिलाय. स्लाव्हमध्ये *नोक्ति. रशियन नोच्, बल्गेरियन नोश्त, पोलिश नोत्स. आणि भट्टी: रशियन पेच्, बल्गेरियन पेश्त, पोलिश प्येत्स, झेक पेत्स. दोन्ही ओळी बरोबर एकमेकींवर बसतात.

भट्टीचं नाम म्हणजे मघाचं -ति- लावलेलं रूप, *पेक्ति-, संस्कृत ‘पक्ति’. ‘शिजवण्याची क्रिया’ या अर्थावरून ‘जिथे ती क्रिया होते ती जागा’. आणि स्लाव्ह क्रियापदाचं -ति हे मूळ रूप म्हणजे याच -ति- प्रत्ययाच्या नामाची गोठलेली विभक्ती, ‘भाजण्यासाठी’ अशा अर्थाची. ऋग्वेदात ‘सोमपीतये’ वारंवार येतं, सोम पिण्यासाठी, रचना तीच. म्हणजे नाम आणि क्रियापद आधीपासून एकाच साच्यातले. रशियनमध्ये शेवटचा इ गळाला आणि दोघांतला उरलासुरला फरक गेला. ‘मोच्’ (शकणे, आणि शक्ती) आणि ‘तेच्’ (वाहणे, आणि गळती) यांचंही असंच आहे.

क्त च्या पुढे इ नसेल तर? मग क नुसता गळतो. *पोक्तो- चं झालं ‘पोत’: रशियन, पोलिश, झेक, बल्गेरियन सगळ्यांत ‘घाम’. उष्णतेने आलेला तो. वेल्शमध्ये ‘पोएथ’ म्हणजे गरम, तेच रूप. आपला घामही ‘घर्म’ म्हणजे उष्णता यावरूनच आलाय, धातू तेवढा निराळा.

स्लाव्ह धातू कोरड्या आचेकडे, भट्टीकडे का झुकला याला जमिनीतला पुरावा आहे. सहाव्या-सातव्या शतकातल्या सुरुवातीच्या स्लाव्ह वस्त्यांत, ज्यांना पुरातत्त्वात प्राग संस्कृती म्हणतात, ठरावीक घर सापडतं: जमिनीत थोडं खोल खणलेलं, लहान, चौकोनी, आणि एका कोपऱ्यात दगडाची किंवा मातीची भट्टी. मधोमध उघडी चूल नाही, कोपऱ्यात बंद भट्टी. भाकरी तिथे, ऊबही तिथे. उकळण्याला ‘वारिती’ होताच; ‘पेक्ति’ भट्टीचा झाला. याउलट आपल्याकडे वैयाकरणांचं आवडतं उदाहरण ‘देवदत्त ओदनं पचति’. पतंजली महाभाष्यात ‘पाक’ म्हणजे काय ते फोडून सांगतो: भांडं चुलीवर चढवणं, पाणी ओतणं, तांदूळ वैरणं, लाकडं मागेपुढे करणं. पाण्यातला भात. त्याच धातूचा रशियन मुलाच्या मनातला अर्थ म्हणजे भट्टीतला पाव.

पुढे रशियन भट्टी विटामातीची खोलीएवढी झाली, थंडीत तिच्यावर माणसं झोपू लागली. लोककथांत इल्या मुरोमेत्स हा वीर तेहेतीस वर्षं भट्टीवर बसून असतो आणि मग उठून पराक्रम गाजवतो. ‘भट्टीपासून नाचायला लागणे’ म्हणजे सगळं पहिल्यापासून सुरू करणे.

बंद, काळोखी, वर कमानीसारखी भट्टी पाहिली की गुहेला तिचं नाव का मिळालं ते कळतं. पूर्व स्लाव्हमध्ये ‘पेचेरा’ म्हणजे गुहा. कीवमधला प्रसिद्ध मठ, पेचेर्स्का लाव्रा, इतिवृत्तात १०५१ साली नोंदवलेला, नावानेच ‘गुहांचा मठ’. साधूंचे देह आजही त्या भुयारांत आहेत. गंमत अशी की आजच्या रशियनमध्ये गुहेला ‘पेचेरा’ म्हणत नाहीत, ‘पेश्चेरा’ म्हणतात. हा चर्च स्लाव्हॉनिकमधून, म्हणजे दक्षिण स्लाव्ह धर्मभाषेतून घेतलेला शब्द. आपल्याकडे तद्भव बाजूला पडून तत्सम रुळतो तसं झालंय. अस्सल पूर्वेकडचं रूप ठिकाणांच्या नावांत तेवढं उरलं. सर्बियन ‘पेचिना’ही गुहाच, आणि कोसोवोतलं पेच शहर, सर्बियन धर्मपीठाचं जुनं ठाणं, गुहांवरूनच. स्लोव्हेनियनमध्ये ‘पेच’चा अर्थ भट्टी आणि कडा, दोन्ही.

आणि बुडापेस्ट. बुडा आणि पेस्ट ही शहरं १८७३ मध्ये एक झाली. हंगेरियन लोक पेस्टचा उच्चार ‘पेश्त’ करतात आणि बहुतेक अभ्यासक त्यात स्लाव्ह ‘भट्टी’ पाहतात. कुणी चुन्याच्या भट्ट्या म्हणतं, कुणी गरम झऱ्यांकडे बोट दाखवतं. मला ही व्युत्पत्ती पटते, कारण नदीपलीकडच्या बुडाला जर्मन लोक ‘ओफेन’ म्हणजे भट्टीच म्हणत. शिवाय तो श्त पाहा. हंगेरियन येण्यापूर्वी तिथे कोणत्या धाटणीची स्लाव्ह बोली होती हे त्या दोन व्यंजनांवरून कळतं: बल्गेरियनसारखी. रोमानियनने गुहेसाठी उसना घेतलेला ‘पेश्तेरा’ही त्याच बाजूचा.

आता मनाकडे येऊ, कारण धातूची सर्वांत अनपेक्षित पिलावळ तिथे आहे. भाजण्यावरून जळणं, जळण्यावरून मनाला लागलेली आच. रशियन ‘पेचाल’ म्हणजे दुःख. आपल्याला हे अर्थांतर नवं नाही: संस्कृत ‘शोक’ शुच् म्हणजे जळणे यावरून, आणि ताप, संताप, पश्चात्ताप रोज तोंडात असतात. स्लाव्हमध्ये त्यापुढची पायरीही पडली, आच म्हणजे आस्था, काळजी. रशियन ‘तो मुलांबद्दल पेचोत्स्या’, शब्दशः ‘स्वतःला भाजतो’, म्हणजे त्यांची काळजी वाहतो. ‘ओपेका’ म्हणजे पालकत्व, अल्पवयीन मुलांचं कायदेशीर पालकत्वसुद्धा. ‘पोपेचीतेल’ म्हणजे विश्वस्त. पोलिश ‘ओप्येका’ म्हणजे देखभाल, झेक ‘पेचे’ म्हणजे निगा.

याला ‘बेझ’, म्हणजे वाचून-विना, हा उपसर्ग जोडा. झेक ‘बेस्पेच्नी’, पोलिश ‘बेस्प्येच्नी’: सुरक्षित, जिथे काळजीचं कारण नाही. रशियन ‘बेस्पेच्नी’: बेफिकीर, निष्काळजी. अक्षर न् अक्षर तेच, एका देशात गुण, दुसऱ्यात दोष. प्रागमध्ये पोचलेला रशियन माणूस ‘बेस्पेच्नी’ पाटी वाचून चमकतो तो यामुळे. लॅटिनमध्ये ‘सेकूरुस’, सिक्युरिटीचं मूळ, हाही ‘काळजीविना’च. मग विसाव्या शतकात काय झालं? कम्युनिस्ट चेकोस्लोव्हाकियाच्या गुप्त पोलिसांचं नाव ‘स्तात्नी बेस्पेच्नोस्त’, राज्य सुरक्षा, १९४५ ते १९९०. ज्यांच्यामुळे लाखो लोकांची झोप उडाली त्यांच्या नावाचा व्युत्पत्त्यर्थ ‘निश्चिंतता’. युक्रेनची आजची सुरक्षा सेवाही ‘स्लुज्बा बेस्पेकी’. रशियनने सुरक्षेसाठी वेगळा धातू घेतला, त्यामुळे मॉस्कोच्या यंत्रणांच्या नावांत हा शब्द सापडायचा नाही.

यकृताला रशियन ‘पेचेन’ म्हणते, मूळ अर्थ ‘भाजलेला भाग’. खाटकाकडून आणून आधी भाजायचा तो अवयव, पुढे जिवंत माणसाच्या पोटातल्या अवयवालाही तेच नाव चिकटलं. पोलिशमध्ये त्याच घडणीचा ‘प्येचेन’ म्हणजे नुसतं भाजलेलं मांस, आणि ‘एका विस्तवावर दोन प्येचेन भाजणे’ म्हणजे एका दगडात दोन पक्षी. पोलिश म्हणी या धातूने भरल्यात. लाजून लाल झालं की ‘खेकडा भाजला’ म्हणतात (नेमका प्राणी गोड्या पाण्यातला, शिजल्यावर लाल होणारा). चूक करून सुटला की ‘उप्येक्वो मू शं’, त्याचं आपोआप भाजून निघालं. स्लोव्हेनियनमध्ये मन खाऊ लागलं की ‘सद्सद्विवेक भाजतो’. सर्ब लोक दारू गाळत नाहीत, ‘राकिया भाजतात’. बेकरीवाला सगळीकडे ‘पेकार’ किंवा त्याच्या जवळपासचा. त्यातला -आर हा प्रत्यय लॅटिनकडून जर्मानिक भाषांमार्गे आलेला पाहुणा आहे.

एक शब्द वादातला. रशियन ‘पेचात’, म्हणजे शिक्का, आणि पुढे छपाई. डाग देऊन उमटवलेली खूण म्हणून *पेक्- शी नातं जोडणारे आहेत, आणि तो पूर्वेकडून, कॉकेशसच्या बाजूने उसना आला असं मानणारेही आहेत. अर्थाच्या बाजूने पहिलं मत सरळ आहे, पण शेवटच्या -आत ची घडण स्लाव्हमध्ये नीट बसत नाही. म्हणून मी तो वंशावळीत ठिपक्यांच्या रेघेने दाखवतो.

आणि सारखे दिसणारे पण नात्यात नसलेले काही. मराठी ‘पेच’, ‘पेचात पडणे’ हा फारसीतला, पीळ या अर्थाचा. पाकिस्तानमधला ‘पाक’ म्हणजे फारसी ‘पवित्र’. साखरेचा पाक तेवढा आपला. आणि रशियन ‘मेद्वेद’, अस्वल, याचा शेवट पाहून काही विद्यार्थी ‘पेचेन’सारखा भाजण्याशी नाहीतर ‘वेद’ म्हणजे जाणणे याच्याशी संबंध लावतात. तो मध आणि ‘अद्’ (खाणे) यांचा समास आहे, ऋग्वेदातल्या ‘मध्वद्’चा जुळा, आणि अद् धातूची स्लाव्ह पिलावळ हा स्वतंत्र उत्तराचा विषय आहे.